नैरोबी ते लागोस: ३,८३० किलोमीटर

नैरोबीहून मुंबई सुमारे ४,५३० किलोमीटर, लागोस सुमारे ३,८३०. म्हणजे एकाच खंडातल्या दुसऱ्या शहरात जायला मला घरी यायच्या प्रवासापेक्षा फक्त सातशे किलोमीटर कमी उडावं लागतं. हे दोन आकडे मी पुण्याच्या हेड ऑफिसला ईमेलमध्ये ठळक करून पाठवले होते. साहेबांचं उत्तर आलं, "नोटेड. पण तू आफ्रिकेतच आहेस ना? उद्या जाऊन परवा ये."

मी पॅकिंग मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. बिस्किटं, साबण, नूडल्स, जे काही पाकिटात जातं ते पाकिटात घालणारी मशिनं आम्ही बनवतो. पूर्व आफ्रिकेत ती बऱ्यापैकी खपायला लागली तशी कंपनीनं मला नैरोबीत आणून बसवलं. कंपाला, किगाली, दारेसलाम ही माझी नेहमीची गावं. तास-दीड तासाचं विमान, सकाळी जायचं, मशीन चालू करून द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. त्यामुळे पुण्यात असा समज पक्का झाला होता की आफ्रिका म्हणजे एक जिल्हा आहे आणि मी त्याच्या मुख्य गावी राहतो. पश्चिम आफ्रिका बघणारा आमचा सहकारी मे महिन्यात लग्नांसाठी गावी गेलेला, आणि नेमकं तेव्हाच नायजेरियातल्या लागोसजवळच्या एका बिस्किट कारखान्यातलं मशीन बंद पडलं. सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटरची हालचाल सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेला होता. तसाच एक ड्राइव्ह माझ्याकडे नैरोबीत शिल्लक होता. मग काय, निघालो.

साहेबांचा दोष नाही. शाळेच्या भिंतीवर जो जगाचा नकाशा टांगलेला असतो तो बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा. १५६९ सालची ती पद्धत खलाशांच्या सोयीची होती, कारण त्या नकाशावर दिशा सरळ रेषेत धरता येते. पण त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश फुगवावे लागतात, आणि विषुववृत्ताच्या आसपासचे आहेत तेवढेच राहतात. त्यामुळे ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट. तीन कोटी चौरस किलोमीटरहून मोठा हा खंड, त्यात भारत नऊ वेळा बसतो. मुंबई–दिल्ली हवाई अंतर तीनदा मोजलं तरी नैरोबी–लागोसमधले चारशे किलोमीटर उरतात, आणि हे सगळं खंडाच्या पोटातलं अंतर आहे. कैरोहून केपटाउनला निघालं तर सात हजारांच्या वर जातं.

अंतर मी आधी कागदावरच काढलं होतं, आणि ही पद्धत मला आवडते म्हणून सांगतो. नैरोबीचा विमानतळ विषुववृत्ताच्या दक्षिणेला १.३ अंशांवर, रेखांश ३६.९. लागोसचा विमानतळ उत्तरेला ६.६ अंशांवर, रेखांश ३.३. म्हणजे पूर्व-पश्चिम फरक ३३.६ अंश आणि दक्षिणोत्तर फरक ७.९ अंश. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार केला की एक बाजू ३,७३० किलोमीटर, दुसरी ८७७. काटकोन त्रिकोण काढायचा, पायथागोरस लावायचा आणि कर्ण मोजायचा. उत्तर ३,८३० च्या आसपास येतं. गोल पृथ्वीचं नीट सूत्र लावलं तरी तेच. दोन्ही शहरं विषुववृत्ताला चिकटून आहेत म्हणून हे जमतं. मुंबई–लंडनला हाच प्रयोग केलात तर उत्तर भलतंच मोठं येईल, कारण उत्तरेकडे गेलं की रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात आणि अंशाचे १११ किलोमीटर राहत नाहीत.

अंतर कळलं की वेळ सोपी, असं वाटतं. जेट विमान ताशी साधारण ८५० किलोमीटर धरलं तर साडेचार तास. पण विमान कंपनी तिकिटावर जी वेळ छापते ती हवेतली नसते. विमान फाटकावरून मागे ढकललं गेल्यापासून दुसऱ्या गावच्या फाटकाला लागेपर्यंतचा तो सगळा वेळ. त्याला त्या धंद्यात ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरताना घिरट्या घालणं, हे सगळं त्यात आलं. म्हणून नैरोबी–लागोस थेट विमानाला पाच-सव्वापाच तास धरायचे. जाता-येता यात फार फरक पडत नाही. मुंबई–लंडनला वरच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांमुळे जाताना जास्त आणि येताना कमी वेळ लागतो, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. विषुववृत्ताजवळ ते वारे नाहीत.

आता घड्याळ. केनिया जागतिक प्रमाणवेळेच्या तीन तास पुढे, नायजेरिया एक तास पुढे. समजा नैरोबीहून सकाळी आठला निघालात आणि सव्वापाच तास उडालात, तर लागोसच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजलेले असतात. पुण्यात कुणीही तिकीट बघून म्हणणार, "सव्वातीन तासांचा तर प्रवास!" परतीला उलट होतं. दुपारी बाराला निघून पाच तास उडालं तरी नैरोबीत उतरेपर्यंत संध्याकाळचे सात. तोच माणूस म्हणणार, "येताना सात तास कसे लागले?" सूर्याच्या हिशेबानं बघायचं तर दोन्ही शहरांत सव्वादोन तासांचा फरक आहे, कारण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते आणि आपल्याकडे आहेत साडेतेहतीस. घड्याळवाल्यांनी वरची पंधरा मिनिटं सोडून दिली. भारत केनियाच्या अडीच तास पुढे आणि नायजेरियाच्या साडेचार तास पुढे, हे त्यात अजून मिसळा म्हणजे आमचा तिघांचा व्हिडिओ कॉल का कधीच वेळेवर सुरू होत नाही ते कळेल.

इथपर्यंत सगळं गणित होतं. खरा घोळ सुरू होतो तो तिकिटापाशी.

नैरोबी–लागोस हे अंतर ३,८३० किलोमीटर आहे, पण ते फक्त थेट विमानासाठी. थेट विमान केनिया एअरवेजचं, आणि मला हव्या त्या दिवशी त्यात जागा नव्हती. मग तिकिटांच्या साइटवर जे पर्याय येतात ते पाहण्यासारखे असतात. एक इथिओपियाची राजधानी अदिस अबाबामार्गे: नैरोबीहून उत्तरेला अदिस १,१६० किलोमीटर, आणि तिथून लागोस ३,९२० किलोमीटर. म्हणजे आधी हजार किलोमीटर वर जायचं आणि तिथून लागोस अजून नैरोबीपेक्षाही लांब. दुसरा दोहामार्गे: नैरोबीहून दोहा ३,३५० किलोमीटर आणि दोहाहून लागोस ५,५३०, बेरीज ८,८८०. पश्चिमेला जायचं म्हणून आधी खंडाबाहेर ईशान्येला जाऊन यायचं. कधीकधी युरोपातून वळसा घालणारेही पर्याय दिसतात आणि आश्चर्य म्हणजे त्यातले काही थेट विमानापेक्षा स्वस्त असतात. कोल्हापूरहून सांगलीला जायला पुण्यात गाडी बदलायला लावावी तसा हा प्रकार.

असं का, हे मी नैरोबीत आल्यावर हळूहळू शिकलो. वसाहतींच्या काळात विमानमार्ग आखले गेले ते राजधानीपासून वसाहतीपर्यंत. लंडनहून नैरोबीला यायचं, लंडनहून लागोसला यायचं, पॅरिसहून डाकारला यायचं. नैरोबीच्या माणसाला लागोसला जायचं कारणच काय, असा एकूण रोख. स्वातंत्र्यानंतर प्रत्येक देशानं आपली विमान कंपनी काढली आणि शेजारच्या देशाच्या विमानांना मोजूनमापून परवाने दिले. एकत्र चालवायचे प्रयोगही झाले. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांची मिळून ईस्ट आफ्रिकन एअरवेज होती, ती १९७७ मध्ये मोडली आणि त्यातूनच केनिया एअरवेज उभी राहिली. पश्चिमेकडे फ्रेंच बोलणाऱ्या देशांची एअर आफ्रिक १९६१ ते २००२ अशी चाळीस वर्षं चालली. नायजेरिया एअरवेज २००३ मध्ये बंद पडली. १९९९ मध्ये यामुसुक्रो इथं आफ्रिकी देशांनी एकमेकांसाठी आकाश मोकळं करायचं ठरवलं, आणि त्याची अंमलबजावणी रेंगाळली म्हणून २०१८ मध्ये सगळ्या खंडाचा एकच हवाई बाजार करायची घोषणा पुन्हा झाली. निर्णय चांगले आहेत. पण माझ्यासारख्या माणसाला तिकीट काढताना अजून तरी जुनाच नकाशा दिसतो. यात इथिओपियन एअरलाइन्सचं एक मानावं लागतं. त्यांनी १९६० मध्येच पूर्वेकडून पश्चिम आफ्रिकेला विमानं जोडली आणि अदिसला सगळ्या खंडाचं जंक्शन बनवून टाकलं. त्याचा अनुभव मला परतीला आला, तो पुढे सांगतो.

"मग गाडीनं का नाही?" असं एका मित्रानं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. लागोस ते मोंबासा असा एक आंतरआफ्रिकी महामार्ग कागदावर आहे, सहा हजार किलोमीटरहून लांब. कागदावर अशासाठी की मध्ये काँगोचं खोरं आहे, आणि तिथल्या मोठ्या टप्प्यात रस्ता म्हणावं असं फारसं काही नाही. माल जातो तो मोंबासाहून जहाजानं, केप ऑफ गुड होपला वळसा घालून. आमचा सर्व्हो ड्राइव्ह तसा पाठवला असता तर बिस्किट कंपनीनं दुसरं मशीन घेतलं असतं.

थेट विमानात दुसऱ्या दिवशीची जागा मिळाली, पण "उद्या जा" म्हणणाऱ्यांच्या हिशेबात व्हिसा नव्हताच. कारखान्याचं निमंत्रणपत्र, कंपनीचं पत्र, माझं केनियाचं वर्क परमिट, बँकेचे कागद, सगळं जुळवून व्हिसा हातात येईपर्यंत ती जागाही गेली आणि नंतरच्या आठवड्याची घ्यावी लागली. त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की या प्रवासाचा सगळ्यात लांब टप्पा नैरोबी शहरातच आहे. पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं पुस्तक मात्र माझ्याकडे तयार होतं. भारतातून आफ्रिकेत कामाला येणाऱ्यांनी ते आधीच करून ठेवावं. मुंबईत विमानतळाच्या आरोग्य विभागाच्या केंद्रात ही लस मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. हे पुस्तक विसरून चालत नाही, कारण त्याची खरी गरज भारतात परतताना पडते. पिवळ्या तापाच्या देशातून आलात आणि पुस्तक नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवायचा नियम आहे. मुंबईत उतरून सहा दिवस घरी न जाण्यापेक्षा पुस्तक पासपोर्टला रबर बँडनं बांधून ठेवलेलं बरं.

निघायच्या दिवशी पहाटे वेस्टलँड्सहून टॅक्सी केली. २०२२ मध्ये एक्सप्रेसवे झाल्यापासून विमानतळ गाठणं सोपं झालं आहे. त्याआधी मोंबासा रोडवर किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नसे. जोमो केन्याटा विमानतळावर टर्मिनलच्या बऱ्याच आधी गाडी थांबवतात, प्रवाशांनी उतरून पायी तपासणीतून जायचं आणि पलीकडे आपली गाडी पुन्हा पकडायची. नवख्याला वाटतं पोचलो. मग आत पुन्हा तपासणी, आणि फाटकापाशी अजून एक. माझ्या हातातल्या पिशवीत ड्राइव्ह होता, वर पंखा आणि तारा. प्रत्येक यंत्रापाशी ती पिशवी उघडली गेली आणि प्रत्येक वेळी मी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस काढून दाखवला. शेवटच्या बाईंनी विचारलं, "हे काय करतं?" मी म्हटलं, "बिस्किटाचं पाकीट बरोबर मधोमध कापतं." त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग लवकर जा.

नैरोबी समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे. हवा विरळ, त्यामुळे भरलेल्या विमानाला उडायला जास्त धाव घ्यावी लागते. धावपट्टी एकच आहे, पण चार किलोमीटरहून लांब. त्या दिवशी आम्ही तिचा बराचसा भाग वापरला. पंधरा-वीस मिनिटांत खाली रिफ्ट व्हॅलीची कड दिसली आणि मग पाणीच पाणी. व्हिक्टोरिया सरोवर. ६८ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या गोव्याएवढे अठरा गोवे त्यात बुडतील.

नकाशावर नैरोबी आणि लागोस सरळ रेषेनं जोडले तर ती रेषा या सरोवरावरून जाते, युगांडात विषुववृत्त ओलांडते आणि रुवेंझोरीच्या डोंगरांवरून काँगोत शिरते. विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर असून त्या डोंगरांच्या माथ्यावर बर्फ आहे, उंची पाच हजार मीटरहून जास्त. मला त्या दिवशी फक्त ढग दिसले. पुढे काँगो. इथे आफ्रिकेचा आकार खरा समजतो. तासभर खाली बघितलं, हिरवं. जेवण आलं, ट्रे गेला, पुन्हा बघितलं, तेच हिरवं. मध्येच तपकिरी नदीचं एक वळण, बेटांचे तुकडे, आणि पुन्हा जंगल. गाव नाही, रस्त्याची रेघ नाही. मुंबई–दिल्ली विमानात खिडकीतून सतत काहीतरी माणसाचं दिसत असतं. इथे अर्धा खंड जातो तरी शेत दिसत नाही.

शेजारी एक निवृत्त केनियन वैमानिक बसले होते. आयुष्यभर मालवाहू विमानं चालवलेली. मी सीटसमोरच्या पडद्यावर रेषा वाकडी का जाते म्हणून विचारलं, तर त्यांनी शिकवणीच घेतली. विमान सरळ रेषेत जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातं, आणि वादळ दिसलं की तोही मार्ग सोडून बाजूनं जातं. प्रत्येक देशाच्या आकाशाचं भाडं वेगळं, परवाना वेगळा. आफ्रिकेच्या मोठ्या भागात जमिनीवरचं रडार किंवा रेडिओ पोचतोच असं नाही, म्हणून वैमानिक १२६.९ मेगाहर्ट्झ या एका ठरलेल्या लहरीवर स्वतःच सांगत जातात: आम्ही इथं आहोत, एवढ्या उंचीवर, या दिशेला, अमुक ठिकाणी इतक्या वाजता पोचू. ऐकणारे आपापलं बघून घेतात. "म्हणजे घाटात हॉर्न वाजवतात तसं," असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण इंग्रजीत ते त्यांना काय कळणार.

त्यांनी अजून एक गोष्ट दाखवली ती मला फार आवडली. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे फिरते. आम्ही साधारण निम्म्या वेगानं पश्चिमेला चाललो होतो. त्यामुळे सूर्य आकाशात निम्म्याच वेगानं वर चढत होता. पाच तास उलटले तरी बाहेर सकाळच होती. पोटाला मात्र हे पटत नव्हतं. माझ्या पोटाच्या घड्याळात जेवणाची वेळ होऊन गेली होती.

लागोसला उतरलो आणि दारातच दमट हवेनं धरलं. नैरोबीच्या थंडीतला स्वेटर अंगात होता, तो हातात आला आणि लागोस सोडेपर्यंत हातातच राहिला. १,६०० मीटरवरून थेट समुद्रकाठी. मे म्हणजे तिथल्या पावसाचा काळ. आमच्या लागोसच्या ड्रायव्हरनं सांगितलं की पाऊस परवडला, हरमॅटन नको. नोव्हेंबरपासून पुढे सहाराकडून धुळीचा वारा येतो, कधी कधी धावपट्टी दिसत नाही आणि विमानं दुसरीकडे वळवावी लागतात. त्या दिवसांत तिकिटावरच्या पाच तासांना काही अर्थ नसतो.

पिवळं पुस्तक बघितलं गेलं, व्हिसा बघितला गेला, कस्टम्सला ड्राइव्ह दाखवला. अधिकाऱ्यानं कागद नीट वाचले, अनुक्रमांक ताडून बघितला आणि "वेलकम, ओगा इंजिनिअर" म्हणत सोडलं. मग खरा प्रवास. कारखाना अगबाराच्या औद्योगिक वसाहतीत, शहराच्या पश्चिमेला बडाग्रीच्या रस्त्यावर. अंतर फारतर चाळीस किलोमीटर. तिथं वाहतुकीच्या कोंडीला गो-स्लो म्हणतात आणि तेच आम्हाला लागलं. पिवळ्या डान्फो मिनीबसा दोन्हीकडून घुसत होत्या, गाड्यांच्या मधून पाण्याच्या पिशव्या, शेंगदाणे, मोबाइलचे चार्जर विकणारी मुलं पळत होती. काँगोचं सगळं जंगल दोन तासांत ओलांडलेला माणूस इथं चाळीस किलोमीटरला अडीच तास बसला. ड्रायव्हरच्या मते आजचा दिवस चांगला होता.

मशिनाचं फार सांगण्यासारखं नाही. ड्राइव्ह बदलला, पॅरामीटर लोड केले, एन्कोडर जुळवला, कटिंगची जागा थोडी सरकत होती ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसली. कारखान्यातल्या फिटरनं ड्राइव्ह का जळाला ते माझ्या आधीच ओळखलं होतं: जनरेटरवरून लाइनवर आणि लाइनवरून जनरेटरवर जाताना बसणारे झटके. त्याला मी स्टॅबिलायझरचं लिहून दिलं. त्यानं मला जोलोफ भात खाऊ घातला. तिखट, आणि तिखटाच्या बाबतीत मी सहसा दाद देत नाही.

परतीला थेट विमानासाठी आणखी एक दिवस थांबावं लागत होतं, आणि कंपालातला एक ग्राहक फोनवर फोन करत होता. म्हणून अदिसमार्गे आलो. हे अनुभवानं सांगतो: थेट विमानाचे पाच तास आणि अदिसमार्गे अख्खा दिवस, यातला फरक किलोमीटरचा नाही. ३,८३० च्या जागी ५,०८० किलोमीटर, म्हणजे फक्त तृतीयांश जास्त. वेळ मात्र दुप्पट होते, कधी त्याहून जास्त, कारण मध्ये उतरायचं, पुन्हा तपासणी, पुढच्या विमानाची वाट, पुन्हा चढायचं. दुपारी लागोसहून निघालो. पूर्वेकडे जाताना आदल्या खेपेची उलट गंमत. सूर्य दीडपट घाईनं मागे पळाला आणि कॅमेरून ओलांडून पुढे जातोय तोवर खिडकीत अंधार. मग विजा. मध्य आफ्रिकेवरचे मे महिन्याचे ढग संध्याकाळी उभे राहतात, आणि आम्ही त्यांच्या कडेकडेनं चाललो होतो. खाली एकही दिवा नाही, बाजूला मात्र ढग आतून पेटत होते. वैमानिकानं पट्टे बांधायला सांगितलं आणि ते शेवटपर्यंत सोडायला सांगितलं नाही.

अदिस २,३०० मीटरवर. स्वेटर पुन्हा कामाला आला. रात्री त्या विमानतळावर खरोखर सगळा खंड भेटतो. लोमेला जाणारे, हरारेला जाणारे, बामाकोहून आलेले चिनी ठेकेदार, लुआंडाचे व्यापारी, आणि एका कोपऱ्यात डब्यातली थेपली काढून बसलेलं गुजराती कुटुंब. फलकावर आफ्रिकेतली शहरं एकाखाली एक सरकत असतात. यातल्या कित्येक जोड्यांमध्ये आपसांत थेट विमान नाही, म्हणून हे सगळे इथं मध्यरात्री कॉफी पीत बसलेले. इथिओपियाची कॉफी असल्यामुळे तक्रारीला तेवढी जागा राहत नाही. अदिस आणि नैरोबी यांचं घड्याळ एकच, पण इथिओपियात स्थानिक लोक तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्याकडे घटका मोजायचे तसे. आपण सकाळचे सात म्हणतो तेव्हा त्यांचा एक वाजलेला असतो. केनियात स्वाहिली बोलणारेही असंच मोजतात. म्हणून इथं कुणी टॅक्सीवाल्यानं वेळ सांगितली की मी ती कुठल्या भाषेतली, हे आधी विचारून घेतो.

नैरोबीचं विमान दोन तासांचं. मागच्या रांगेतला एक तरुण नायजेरियन, पहिल्यांदाच केनियाला निघालेला, सारखा विचारत होता की लागोसहून नैरोबी एवढं लांब आहे का. मी त्याला माझ्या वहीतला काटकोन त्रिकोण दाखवला. त्यानं फोटो काढून घेतला. पहाटे घरी पोचलो, अंघोळ केली, आणि त्याच दुपारी कंपाला. तिथं जायला एक तास लागतो. खरोखरच एक तास.

राहिला टूर भत्त्याचा फॉर्म. आमच्याकडे भत्ता प्रवासाच्या तासांवर मिळतो, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ लिहायची. जाताना मी लिहिलं, नैरोबी सकाळी आठ, लागोस सकाळी सव्वाअकरा. अकाउंट्सच्या मॅडमनी सव्वातीन तास धरले. परतीचे मात्र दोन तास जास्त झालेत असं त्यांच्या लक्षात आलं आणि खुलासा मागवला. मी दोन्ही देशांच्या वेळा, अंतर, अदिसचा थांबा, सगळं लिहून पाठवलं. मॅडमनी फोन केला, "अहो, तुमचं बरोबर असेल, पण सिस्टीम एकच वेळ घेते. सगळं भारताच्या वेळेत करून द्या ना." करून दिलं. भारताच्या वेळेत मी नैरोबीहून सकाळी साडेदहाला निघालो, लागोसला पावणेचारला पोचलो आणि सव्वापाच तास बरोबर बसले. पुढच्या महिन्यात फॉर्ममध्ये नवा रकाना आला: 'भारतीय प्रमाणवेळेनुसार'. तो पहिल्यांदा वापरला गेला तो आमच्या इंदूरच्या माणसाच्या फॉर्मवर, आणि त्याचा मला फोन आला की यात नक्की काय भरायचं.